कै. नंदू नाटेकर आणि माझी रॅकेट

गेल्या वर्षीं शाळेच्या क्रिकेट-संघाची यादी फलकावर लागली, तेव्हां तींत माझें नांव नव्हतें. घरीं येऊन मीं बॅट माळ्यावर टाकली व यापुढें कोणताहि खेळ खेळणार नाहीं, अशी प्रतिज्ञा केली. आजोबांनीं ती शांतपणें ऐकून घेतली. ते मूळचे सांगलीचे. आपल्या गांवच्या एका खेळाडूची हकीकत त्यांनीं मला सांगितली.

नंदू नाटेकर यांचा जन्म १९३३ सालीं सांगलीस झाला. आरंभीं त्यांचें मन टेनिसमध्यें होतें. राष्ट्रीय कुमार-स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत ते पोहोंचले, आणि तेथें रामनाथन् कृष्णन् यांच्याकडून हरले. मग त्यांनीं टेनिस सोडून बॅडमिंटन धरलें, व १९५३ सालीं, अवघ्या विसाव्या वर्षीं, ते राष्ट्रीय विजेते झाले!

"म्हणजे हरले म्हणून पळालेच ना?" मीं विचारलें.

"पळाले असते तर घरीं बसले असते, बाळ," आजोबा म्हणाले.

टेनिसचा चेंडू जमिनीवरून उसळला तरी मारतां येतो. येथें फूल भुईस टेकलें कीं संपलें. सोळा पिसांचें तें फूल बाणासारखें सुटतें आणि हवेच्या अडथळ्यानें क्षणांत मंदावतें. म्हणून दंडाच्या बळापेक्षां ऐन वेळीं वळणाऱ्या मनगटास मोल अधिक. तें मनगट नाटेकरांना साधलें होतें. १९५६ सालीं क्वालालंपूर येथें सेलांगोरची स्पर्धा त्यांनीं जिंकली. परदेशांत असें विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. राष्ट्रीय एकेरी त्यांनीं सहा वेळां जिंकली, आणि १९६१ सालीं, अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षीं, तो त्यांस मिळाला. ऑल इंग्लंड स्पर्धेंत मात्र १९५४ सालीं ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंतच पोहोंचले. ती त्यांना कधींच जिंकतां आली नाहीं. कां कोण जाणे, मला हीच गोष्ट अधिक जवळची वाटते. २८ जुलै २०२१ रोजीं, वयाच्या ८८ व्या वर्षीं, पुण्यास त्यांचें निधन झालें.

बॅट अद्याप माळ्यावरच आहे. संध्याकाळीं अंगणांत दोरी बांधून मी व आजोबा बॅडमिंटन खेळतों. आजोबा जुन्या हिशेबानें पंधरा गुणांचा डाव मोजतात, ज्याची सर्व्हिस त्यासच गुण. मी नव्या नियमाप्रमाणें एकवीस मोजतों. अद्याप कोणत्याहि हिशेबानें हरतों तो मीच!