द्राक्षाच्या चार फाका

फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनच्या सुपरमार्केटांत नाशिककडची द्राक्षं येतात. इथल्या मराठी घरांत ती कौतुकानं आणली जातात आणि दीड वर्षाच्या नातवंडापुढं अख्खीच ठेवली जातात, कारण फळ पौष्टिक आणि बी नाही म्हटल्यावर भीती कसली? पण धोका बियांचा नसतोच. द्राक्षाची साल गुळगुळीत आणि चिवट, आतला गर लवचीक आणि मुलाचा श्वासमार्ग अरुंद. असं द्राक्ष घशात सरकलं की बाटलीच्या बुचासारखं घट्ट बसतं, हवेला फट उरत नाही. ॲबरडीनच्या डॉक्टरांनी 2016च्या अखेरीस एका वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन मुलांची हकिगत मांडली. तिघंही पाच वर्षांची किंवा त्याहून लहान होती. त्यांतली दोन दगावली, त्यांपैकी एक अवघ्या 17 महिन्यांचं होतं. हेच द्राक्ष उभं चिरून त्याच्या चार फाका केल्या की घसा बंद करणारा गोल आकारच राहत नाही. आडवं चिरून मात्र काम भागत नाही, कारण कापल्यावरही गोलाई तशीच राहते.

बाळाच्या हातात काय द्यायचं हे ठरवताना पदार्थ देशी की विलायती, पौष्टिक की चविष्ट, हे प्रश्न नंतरचे. आधी त्याचा आकार पाहावा आणि तो किती मऊ आहे ते पाहावं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस साधारण सहाव्या महिन्यापासून वरचं अन्न सुरू करायला सांगते आणि तेव्हापासूनच हातात धरून खाण्याचे तुकडेही द्यायला सांगते. तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा असावा, म्हणजे मुठीत धरल्यावर थोडा बाहेर उरतो. त्या वयात चिमटीनं उचलणं जमत नाही, बाळ सगळ्या मुठीनं पकडतं. अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबल्यावर तुकडा सहज चेपला गेला पाहिजे. यामागचं कारण दातांत आहे. पुढचे दात तोडण्याचं काम करतात, दळण्याचं नाही. पहिल्या दाढा वर्षानंतर येतात, त्यांच्या मागच्या तर दोन वर्षांच्या आगेमागे. दोन दात आले म्हणून कच्च्या गाजराचा तुकडा हाती देणं म्हणजे मुलाला तो तोडता येईल पण चावता येणार नाही, अशा पेचात टाकणं.

ही कसोटी लावली तर मराठी स्वयंपाकघरात बाळासाठी भरपूर सापडतं. वाफवलेलं रताळं, लाल भोपळ्याच्या लांब फोडी, मऊ शिजवलेलं गाजर, पिकलेलं केळं, मुगाच्या धिरड्याच्या पट्ट्या, ताज्या इडलीची लांब फोड. मीठ घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढावा, कारण पहिल्या वर्षात दिवसभरात एक ग्रॅमहून अधिक मीठ नको. छोले आणि राजमा मऊ शिजवून, एकेक दाणा चेपून द्यावा. पण वेम्बलीच्या ईलिंग रोडवरच्या दुकानांतून घरी येणारे फुटाणे, खारे दाणे, काजू आणि चिक्की हे पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात नकोतच. मक्याच्या लाह्याही नकोत. मधाची गोष्ट वेगळी. तो कितीही पातळ असला, तरी त्यात क्वचित असणाऱ्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून पहिल्या वाढदिवसापर्यंत मध चाटवू नये, गुटीतूनही नाही. इथं आकाराची कसोटी कामाची नाही, हे कबूल करायला हवं.

यावर पहिला आक्षेप येतो तो आजी-आजोबांचा. ते बहुधा सहा महिन्यांच्या व्हिसावर, नेमके बाळाच्या उष्टावणाच्या सुमारास येतात. त्यांना वाटतं, वर्षभर मऊभात आणि खिमट चमच्यानं भरवलं तर ही जोखीमच कशाला? शंका रास्त आहे, पण पुरावा तिच्या बाजूनं नाही. न्यूझीलंडमध्ये 206 बाळांचा अभ्यास झाला. एका गटाच्या पालकांना बाळाला त्याच्या स्वतःच्या हातानं खाऊ देण्याबरोबर धोका टाळण्याचा सल्लाही दिला होता, दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत होती. घशात अडकण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. मला त्या अभ्यासातली दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. अडकण्याचा धोका असलेले पदार्थ सातव्या महिन्यात निम्म्याहून अधिक बाळांना दिले जात होते आणि बाराव्या महिन्यात तर 94 टक्के बाळांना. म्हणजे चमचा की हात हा वाद व्यर्थ आहे, चूक ताटात काय वाढलं यात होते. शिवाय बाळाला उबळ येणं आणि घास अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उबळ आली की बाळ लाल होतं, आवाज करतं, तुकडा पुढं ढकलतं. ती शरीराची राखण आहे. खरोखर अडकलं तर आवाज बंद होतो.

दुसरा आक्षेप असा, की आम्ही दाणे-फुटाणे खातच वाढलो, कुणाला काय झालं? ज्यांना झालं, त्यांची गाठ डॉक्टरांशी पडली. भारतातल्या नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या नोंदींत मुलांच्या श्वासनलिकेतून काढलेल्या पदार्थांत शेंगदाणा सातत्यानं वरच्या स्थानी आहे. इथल्या घाईत तर मूल बाबागाडीत रेलून, बसमध्ये, कारच्या मागच्या सीटवर खात असतं आणि चालवणाऱ्याची पाठ त्याच्याकडे असते. इंग्लंडमधल्या पाळणाघरांना सप्टेंबर 2025 पासून असं बंधन आहे, की मुलं खात असताना ती कर्मचाऱ्यांना दिसलीही पाहिजेत आणि ऐकूही आली पाहिजेत. घरात यापेक्षा कमी का चालावं?

तिसरा आक्षेप सगळ्यांत चतुर आहे: शेंगदाणा पाच वर्षं दूर ठेवला, तर ॲलर्जी नाही का वाढणार? बंदी अख्ख्या दाण्यावर आहे, शेंगदाण्यावर नाही. किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 2015 मध्ये 640 बाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या या बाळांपैकी ज्यांनी लहानपणापासून शेंगदाणा नियमित खाल्ला, त्यांच्यात पाचव्या वर्षी ती ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. त्यांना दिला होता तो शेंगदाण्याचा कुरमुरीत, तोंडात विरघळणारा खाऊ किंवा शेंगदाण्याचं मऊ लोणी. तेव्हा दाण्याचं अगदी बारीक वाटण लापशीत कालवून द्या. तीव्र इसब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

एवढं करूनही घास अडकला, मूल खोकू शकेना किंवा त्याचा आवाज निघेना, तर तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका. त्यानं तुकडा आणखी खोल जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला मांडीवर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापट्या द्याव्यात. नाही सुटलं तर उताणं करून छातीच्या हाडावर पाच दाब, आणि हे आलटूनपालटून करत राहायचं. वर्षापुढच्या मुलाला छातीऐवजी बेंबीच्या वर पोटावर दाब द्यायचा. एवढ्यानं सुटलं नाही, तर दुसऱ्या कुणी 999 ला फोन लावावा. ब्रिटिश रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स याचे वर्ग घेतात. आजी-आजोबांना भारतातून बोलावताना त्या वर्गात त्यांचंही नाव घालावं, कारण दुपारी घरात बाळाजवळ तेच असतात.