पाण्याची पाळी आणि मेसची वही

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पिंपळे सौदागर हे गाव बांधाबांधानं पिंजून काढलं, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. त्यावरचं पुस्तक १९१७ साली निघालं. १७७१ मध्ये त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली, ही त्यातली गाजलेली नोंद. शेती शिकवणाऱ्यानं आधी गावात जाऊन विचारावं आणि मग बोलावं, हा धडा त्या पुस्तकानं घालून दिला. पुढे बरीच वर्षं तो ग्रंथालयाच्या कपाटातच राहिला. १९९२ च्या रंधावा समितीनं ग्रामीण कृषी कार्यानुभवाची शिफारस केली, तेव्हा कुठे पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं गावात मुक्कामाला जाऊ लागली. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'रावे' म्हणतात.

आम्ही ऐंशीच्या दशकात कृषी महाविद्यालयात शिकलो. आमच्या वेळी रावे नव्हतं. चार माणसांना बरोबर घेऊन काम तडीला न्यायचं कसं, हे आम्ही दोन ठिकाणी शिकलो, प्लॉटवर आणि मेसमध्ये.

पीक उत्पादनाच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक गटाला जमिनीचा तुकडा वाटून मिळायचा. पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं गटानं करायचं, बी-खत-औषधाचा खर्च वहीत मांडायचा, आणि माल विकून खर्च वजा जाता उरेल ते वाटून घ्यायचं. रब्बीच्या ज्वारीला पाणी बहुतेक रात्रीच मिळे. दारं धरायला दोघं लागत. एकजण पाटावर, दुसरा साऱ्याच्या तोंडाशी. सारा भरत आला की फावड्यानं दार मोडून पाणी पुढच्या साऱ्यात घालायचं. एखाद्याचा डोळा लागला की पाट फुटून पाणी थेट शेजारच्या गटाच्या प्लॉटात. तिथे त्याच दिवशी युरिया टाकलेला असला तर सकाळी भांडण ठरलेलंच.

हे निस्तरायचं गटप्रमुखानं. गटात एखादा मुंबईचा असे, त्यानं जन्मात फावडं धरलेलं नसे. दुसरा बागायतदाराचा मुलगा, त्याला वाटे, आपल्याला सगळं येतं, मग पाळी कशाला लावायची? प्रमुखाला जास्तीचे गुण मिळत नसत, त्याच्या हाती शिक्षेचा अधिकारही नसे. तरी पहाटेच्या थंडीत कुणाला उठवायचं, कुणाला एक रात्र सोडून द्यायची, तापातून उठलेल्याला पाण्याऐवजी पाखरं राखायला कसं पाठवायचं, हे त्यालाच ठरवावं लागे. स्वतःची पाळी कडाक्याच्या थंडीतली घेणाऱ्या प्रमुखाला कुणी नाही म्हणत नसे. शहरातल्या मुलाची जोडी शेतकऱ्याच्या मुलाशी लावायची, हे शहाणपण कुठल्या पुस्तकात नव्हतं. हंगाम संपेपर्यंत त्या जोडीतला एक दारं धरायला शिकायचा आणि दुसरा हिशेब मांडायला.

मेसचं काम त्याहून कठीण. आमच्याकडे ठेकेदार नव्हता. आचारी आणि दोन मदतनीस पगारावर, बाकी किराणा, भाजी, जळण सगळं मुलांनीच बघायचं. सेक्रेटरी दर महिन्याला बदलायचा. महिनाअखेर एकूण खर्चाला ताटांच्या संख्येनं भागून बिल निघायचं, म्हणून खाड्यांच्या वहीला फार महत्त्व. किती वेळा लागोपाठ जेवला नाही म्हणजे खाडा धरायचा, यावर फळ्यासमोर तासन् तास वाद चालत. ज्वारीचं पीठ संपलं आणि बाजार परवावर असला की काय करायचं, हे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानं एका संध्याकाळी ठरवायचं असे.

त्यातही एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोरडवाहू भागातल्या मुलांच्या मनिऑर्डरी उशिरा येत. दुष्काळी वर्षात तर यायच्याच नाहीत. चांगला सेक्रेटरी दोन गोष्टी सांभाळायचा. अशा मुलाचं ताट बंद होऊ द्यायचं नाही, आणि थकबाकीदारांच्या यादीत त्याचं नाव फळ्यावर येऊ द्यायचं नाही. त्यासाठी किराणा दुकानदाराला जाऊन भेटायचं, आपल्या जबाबदारीवर महिनाभर थांबवायचं. पुढे तालुक्यात, जिल्ह्यात अधिकारी झालेल्या आमच्यातल्या काही जणांकडे शेतकरी मोकळेपणानं का येत, याचं कारण मला त्या वहीत दिसतं.

जिमखान्याच्या निवडणुका, स्नेहसंमेलन, पोस्टर, घोषणा हे सगळं होतंच, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाषण करायला आम्ही शिकलो ते वसतिगृहाच्या गच्चीवर. १९८० साली शरद जोशींनी चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं होतं, त्याची धग पुढे कितीतरी वर्षं आमच्या खोल्यांत होती. वर्गात एकरी उत्पादन कसं वाढवायचं ते शिकवत, आणि रात्री कांदेवाल्यांची मुलं विचारत, उत्पादन वाढलं आणि भाव पडला तर? या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर बाजार समितीची आवक, वाहतूक, तोलाई सगळं माहीत असावं लागे. घरून येताना मुलं हिशेबपट्ट्या घेऊन येत, विकलेल्या मालाच्या. त्या हातात धरून वाद होत.

या सगळ्यात एक मोठी उणीव होती, आणि तिच्याबद्दल आज नीट बोललं पाहिजे. वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांच्या वसतिगृहाचं दार संध्याकाळी बंद होई. त्यामुळे पाण्याच्या रात्रपाळीत त्यांचं नाव नसे, आणि पाळी नाही म्हणून गटप्रमुखपदही नाही. नियम कुणी लिहिलेला नव्हता, तरी तो सगळ्यांनी पाळला. वर्गातल्या सर्वांत हुशार मुली चार वर्षं वही लिहीत राहिल्या, निर्णय दुसऱ्यांनी घेतले.

आता वर्गांत मुली भरपूर दिसतात. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर पावसाळ्यात रावेला गेलेल्या 'कृषिकन्यां'च्या बातम्या नेमानं येतात. बीजप्रक्रिया, उगवणक्षमता चाचणी, माती नमुना, निंबोळी अर्क. बातम्या एकसारख्या असतात म्हणून लोक पान उलटतात. मी उलटत नाही, कारण अमरावती जिल्ह्यातल्या एका संत्र्याच्या गावात असं एक प्रात्यक्षिक मी उभं राहून पाहिलं आहे.

बोर्डो मिश्रण करून दाखवायचं होतं. प्रमाण शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मुलींनी त्याचा दहावा हिस्सा घेतला होता. एका प्लास्टिकच्या बादलीत मोरचुदाचं निळंशार पाणी, दुसरीत चुन्याची गाळलेली निवळी. दोघींनी दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतलं, तिसरी काठीनं ढवळत राहिली. गर्दीतले एक वयस्क बागायतदार म्हणाले, "पोरी, आम्ही तर इतकी वर्षं लोखंडी टोपात करतो. काही बिघडलं नाही."

गटाची प्रमुख असलेल्या मुलीनं त्यावर व्याख्यान दिलं नाही. "काका, तुमचा विळा द्याल का जरा?" एवढंच ती म्हणाली. विळा घासून पुसून तिनं त्यांच्याच हातात परत दिला आणि मिश्रणात बुडवायला सांगितलं. बाहेर काढला तेव्हा पात्यावर तांबूस थर चढला होता. "हे तांबं आहे, काका. मिश्रण अजून आम्लाकडे आहे, असंच फवारलं तर पानं करपतील. आणि लोखंडी टोपात तर हेच तांबं टोपाला बसतं, झाडाला काय मिळणार?" तिनं आणखी निवळी घातली, ढवळायला लावलं, पातं पुन्हा घासून बुडवायला दिलं. या वेळी ते स्वच्छ निघालं. काकांनी शेजाऱ्याला विळा दाखवला आणि पुढचं सगळं त्यांनीच समजावून सांगितलं. ती मुलगी मागे सरकून उभी राहिली.

आमच्या काळातल्या कुठल्याही गटप्रमुखापेक्षा ती एक पाऊल पुढे होती. आम्ही आपापसांत वावरलो, ती आपल्यापेक्षा तिप्पट वयाच्या, अनुभवी माणसांत उभी होती. आणि ज्या गावात मुलीनं पारावर बोलणं अजून सवयीचं नाही, तिथे.

आजच्या मुलांपुढे संधी किती आहेत ते पाहिलं की मनापासून बरं वाटतं. २०१५ पासून 'स्टुडंट रेडी' या नावाखाली रावे, अनुभवाधारित शिक्षण, उद्योगातलं प्रशिक्षण असं सगळं एकत्र आलं. अनुभवाधारित शिक्षणात मुलं रोपवाटिका चालवतात, अळिंबी घेतात, फळांवर प्रक्रिया करतात, विकतात आणि नफा वाटून घेतात. आमच्या प्लॉटची वही तिथे जिवंत आहे. 'इंद्रधनुष्य', 'अॅग्री युनिफेस्ट' या विद्यापीठांच्या महोत्सवांत आणि 'अश्वमेध' या क्रीडास्पर्धांत दापोलीच्या मुलीची अकोल्याच्या मुलाशी गाठ पडते. राहुरीच्या विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकलेल्या विलास शिंदे यांनी नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीला 'सह्याद्री' ही शेतकऱ्यांची कंपनी उभी केली. शेतकऱ्यांना एकत्र आणणं ही नोकरीइतकीच खरी वाट आहे, असं आता विद्यार्थ्यांना उदाहरणानं दाखवता येतं. आमच्यापुढे असं उदाहरण नव्हतं.

पण मेस बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे गेली. मुलं पैसे भरतात, जेवतात, तक्रार वहीत लिहितात. ज्याचे घरून पैसे आले नाहीत त्याची काळजी घेणारा आता कुणी नेमलेला नाही, आणि अशी मुलं आजही आहेत. संध्याकाळी सगळे अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर उरलं. मान यांनी एका गावात मोजलेली घट आता राज्यभर झाली आहे. एवढ्याशा तुकड्यावर भावांसकट घर कसं चालणार, हे ज्याला रोज दिसतं, तो परीक्षेकडे वळणारच.

खंत वाटते ती रावेचीच. काही ठिकाणी मुलं सकाळी मोटारसायकलवर गावात येतात, फलक धरून फोटो काढतात, फोटोवर तारीख आणि ठिकाण उमटलं की दुपारी परत जातात. मुक्काम नाही म्हणजे यजमानाच्या घरी रात्रीचं जेवण नाही, आणि शेतकरी खरं बोलतो ते जेवणानंतर. कर्ज किती, मुलीचं लग्न कधी, विहिरीला पाणी किती वाव, हे सगळं तेव्हा निघतं. दुसरी गोष्ट, सत्र संपलं की गट निघून जातो. ज्या झाडांवर मुलींनी फवारलं त्यांची फळं उतरतात तेव्हा त्या मुली गावात नसतात. आपण दिलेल्या सल्ल्याचं काय झालं, हे न बघता कुणाला सल्ला देण्याची जबाबदारी कशी कळणार? आम्ही तरी आमच्याच ज्वारीची कणसं मोजून घेतली होती.

म्हणून विद्यापीठांकडे माझं मागणं अगदी साधं आहे. वसतिगृहात एक तरी मेस मुलांच्या हाती परत द्या, खाड्यांच्या वहीसकट. रावेचा मुक्काम खऱ्या अर्थानं मुक्काम असू द्या, मुलींसाठी गावात सुरक्षित घर शोधणं हे महाविद्यालयाचं काम समजा. आणि आंबिया बहाराची संत्री उतरतील तेव्हा त्या गटाला चार दिवस पुन्हा त्याच गावात पाठवा. एसटीचं भाडं महाविद्यालयानं द्यावं.