वाहतं किती, अडतं किती

"तू ऑफिसात नक्की करतेस काय?" असं घरात कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमध्ये" एवढं सांगून सुटका करून घेते. पण मागच्या रविवारी आत्याने पिच्छाच सोडला नाही. तर आत्या, हे खास तुझ्यासाठी :-)

मोठ्या कंपनीत सगळा डेटा प्रत्येक सर्व्हरच्या पोटात नसतो. तो एका जागी, मोठ्या स्टोरेजमध्ये असतो आणि सर्व्हर तिथून मागवून घेतात. या ने-आणीसाठी वेगळं जाळं असतं, स्टोरेज एरिया नेटवर्क, थोडक्यात 'सॅन'. त्यातल्या वर्दळीवर नजर ठेवणं हे माझं काम.

स्लॅब पडतो तेव्हा माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात, ते आठव. पुढच्याचे हात मोकळे झाल्याशिवाय मागच्याला घमेलं देता येत नाही. सॅनमध्ये फायबर चॅनल वापरतात, त्याचा नियम हाच. एक घमेलं म्हणजे एक फ्रेम, त्यात जास्तीत जास्त 2112 बाइट माल. माझ्याकडे इतक्या फ्रेम ठेवायला जागा आहे, हे समोरचा पोर्ट आधीच सांगून ठेवतो. ते झालं क्रेडिट. फ्रेम पाठवली की एक क्रेडिट कमी, समोरच्याने जागा मोकळी केली की एक परत. क्रेडिट शून्य झालं की गप्प उभं राहायचं. साध्या इथरनेटवर गर्दी झाली की फ्रेम टाकून देतात, मग पुन्हा पाठवतात. इथे टाकायचं नाही, थांबायचं.

आता 2013 ची गोष्ट. तेव्हाच्या ऑफिसात दर महिनाअखेरीला पगाराची बॅच रात्री रखडायची. डेटाबेस सांभाळणारा मुलगा नवीन होता. प्रत्येक मीटिंगमध्ये बोट त्याच्याकडे, "तुझ्याच क्वेरी जड आहेत." कारण दोन स्विच जोडणाऱ्या लिंकचा ग्राफ अगदी निवांत दिसायचा. 8 गिगाबिटची लिंक, वापर जेमतेम 30 टक्के. रस्ता मोकळा आहे म्हणजे गाडीच खटारा, असा सरळ हिशोब! तो बिचारा रात्र रात्र जागून क्वेरी तपासायचा.

एका महिनाअखेरीला आम्ही ग्राफ बाजूला ठेवून स्विचचे काउंटर बघत बसलो. क्रेडिट नाही म्हणून पोर्ट किती वेळ थांबला, याचा वेगळा काउंटर असतो. ब्रोकेडच्या स्विचवर तो 2.5 मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी वाढतो. बॅच सुरू झाली आणि त्या 'मोकळ्या' लिंकचा हा काउंटर रिक्षाच्या मीटरसारखा पळायला लागला.

माग काढत गेलो तर डेटाबेसच्याच स्विचवर एक जुना सर्व्हर सापडला, 2 गिगाबिटच्या कार्डाचा. महिनाअखेरीला तो फुल बॅकअपसाठी स्टोरेजमधून ढीगभर डेटा मागवायचा. स्टोरेज 8 च्या वेगाने द्यायचं, हा 2 च्या वेगाने उचलायचा. मधली रांग सगळ्यांची एकच. याची घमेली सरकेनात, म्हणून त्यांच्यामागे डेटाबेसची घमेलीही अडकून पडलेली. आमच्या भाषेत याला 'स्लो ड्रेन' म्हणतात. तुंबलेली मोरीच म्हण ना! गंमत म्हणजे त्या सर्व्हरवर एकही एरर नव्हता आणि त्याच्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती.

बॅकअपची वेळ बदलली, पुढे कार्डही बदललं. बॅच वेळेत संपू लागली. मीटिंगच्या यादीतून विषय गेला, पण त्या मुलाला "तुझं काही चुकलं नव्हतं" असं कुणी म्हटलं नाही. मी त्याला तो काउंटर दाखवला होता. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "ताई, म्हणजे मी हळू नव्हतो. मी थांबलो होतो."

किती वाहिलं हा आकडा सगळे मागतात. कोण किती वेळ खोळंबलं हा आकडाही तिथेच शेजारी असतो, पण तो कुणीतरी मुद्दाम बघावा लागतो. ऑफिसात आता मी दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी लावते. आणि ऑफिसाबाहेरही, अमका फार हळू आहे असं कुणी म्हणालं, की त्याच्या पुढे कोण उभं आहे ते आधी बघावंसं वाटतं.