ओट्यावर बसलेला माणूस

६ डिसेंबर १९९२ला रविवार होता. शहापूरला आमच्या घरी त्या रात्री रेडिओ बंदच झाला नाही. अब्बा एरवीही बीबीसी उर्दूचं ‘सैरबीन’ लावायचे, कारण त्या वर्षी एप्रिलपासून साराजेवोला वेढा पडलेला होता. बोस्निया नकाशावर कुठे आहे, हे मला त्यांनीच दाखवलं होतं. त्या रात्री बातमी अयोध्येची होती. नकाशाची गरज नव्हती.

आमचं कुटुंब तीन ठिकाणी विखुरलेलं. आम्ही शहापुरात, आपा मुरबाडला सासरी आणि चाचा भिवंडीत. सगळ्यात जास्त धास्ती भिवंडीची. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेलं ते गाव. पण चाचांचा निरोप उलटाच आला, ‘इथे शांत आहे. मुलाबाळांना घेऊन तुम्हीच इकडे या.’

अब्बा गेले नाहीत. आमच्या भागात मुसलमानांची घरं मोजकी, सगळी मदार शेजाऱ्यांवर. दुसऱ्या रात्री आमचे कुणबी शेजारी तात्या घोंगडी आणि बॅटरी घेऊन ओट्यावर येऊन बसले. ‘झोप येत नाही,’ एवढंच म्हणाले. तीन रात्री बसले. आमच्या आळीत काही घडलं नाही. मुरबाडला आपाही सुखरूप राहिली.

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी इथेच थांबवली आहे. लोकांना ती आवडते. पुढचा भाग असा की, बऱ्याच वर्षांनी तात्या अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मी त्या रात्रींची आठवण काढली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पन्नास माणसं चालून आली असती ना, तर मी काय केलं असतं, ते मला आजही ठाऊक नाही बाबा.’

मला स्रेब्रेनित्सा आठवलं.

बोस्नियात जगाने काहीच केलं नाही, असं आपण म्हणतो. ते खरं नाही. संयुक्त राष्ट्रांचं शांतिसैन्य तिथे होतं. त्याचे पहिले प्रमुख होते मराठा लाइट इन्फन्ट्रीत घडलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. वाटाघाटी तर अखंड चालू होत्या. सायरस व्हान्स आणि डेव्हिड ओवेन यांनी देशाचे दहा प्रांत करण्याची योजना मांडली. ती बारगळली. १६ एप्रिल १९९३ रोजी सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनित्सा हे ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं आणि पुढच्या महिन्यात आणखी पाच ठिकाणं त्यात घातली. या सगळ्यांच्या रक्षणाला ३४,००० जादा सैनिक लागतील, असा अंदाज होता. मंजूर झाले ७,६००. ११ जुलै १९९५ला स्रेब्रेनित्सा पडलं. तिथे डच सैनिक होते, पण मोजके. त्यांच्यापाशी आसरा मागणाऱ्यांनाही ते वाचवू शकले नाहीत. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. डेटनचा करार झाला तो त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये. त्याने युद्ध थांबलं हे खरं, पण गेलेले गेलेच.

तात्यांचं मन त्या डच सैनिकांपेक्षा मोठं होतं, असं मी मानतो. पण पेच तोच. रक्षणाला कुणीतरी बसलेलं आहे, आणि वेळ आली तर पाठीशी कोण उभं राहील, हे त्यालाच माहीत नाही. बोस्नियातही चांगले शेजारी होतेच की.

मग भिवंडी का वाचली? १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी बाजूला ठेवून त्यांनी साधी माणसं घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. सोबत त्या भागातला पोलीस शिपाई. बैठका दंगलीची वाट न पाहता होत. गल्लीतली भांडणं, तक्रारी तिथेच मिटत. १९९२ उजाडेपर्यंत ही माणसं एकमेकांना नावानिशी ओळखत होती, आणि शिपायालाही. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. भिवंडीत दंगल झाली नाही. खोपडे तोवर बदलून गेलेले होते, तरीही.

आता माझं सांगतो. जुम्याच्या नमाजनंतर मी बोस्नियासाठी दुआ केली, आज गाझासाठी करतो. संयुक्त राष्ट्रांनी काय करावं, यावर तासभर बोलू शकतो. आणि सणांआधीच्या शांतता समितीच्या बैठकीला मात्र उशिरा पोहोचतो, चहा घेतो, फोटो काढून झाला की निघतो. तिथे दर वर्षी तेच चेहरे असतात, माझ्यासारखे. तात्यांचा नातू तिथे कधी नसतो. त्याला बोलवावं, हे मलाही सुचलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो. तात्यांची बॅटरी अजून घरात आहे, म्हणाला. पुढच्या बैठकीला माझ्याबरोबर येतो, असंही म्हणाला. निघताना त्याने विचारलं, ‘चाचा, आपल्या बीटचा हवालदार कोण आहे सध्या?’

मला सांगता आलं नाही.