आधी विधेयक, मग विरोध

होमस्कूलिंगवर बंधन आणणारं विधेयक आलं की त्याला सरसकट विरोध करायचा, तोही होमस्कूलिंग संघटनांचा ॲलर्ट मिळाल्या मिळाल्या, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. आज ते तसं राहिलेलं नाही. इलिनॉयमध्ये मुलांना घरीच शिकवणाऱ्या माझ्या मराठी मैत्रिणींना हे कदाचित आवडणार नाही, तरी मोकळेपणानं सांगायला हवं.

जुन्या मतामागे कारणं होती आणि ती आजही खोटी नाहीत. इथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयानं १९५० साली लेव्हिसन खटल्यात घरच्या शिक्षणाला खासगी शाळेचा दर्जा दिला. तेव्हापासून इथे नोंदणी नाही, परीक्षा नाही, पालकाला पदवीची अट नाही. सरकारी शाळेतले विषय शिकवायचे आणि ते इंग्रजीतून, एवढंच कायदा सांगतो. मराठी आम्ही त्यावर आपल्या हौसेनं शिकवतो. हे स्वातंत्र्य टिकवायचं तर सतत जागं राहायला हवं, हे मला पटलेलं होतं.

त्यात १९९४ची गोष्ट इथे प्रत्येक नव्या पालकाच्या कानावर येते. ‘एच. आर. ६’ या शिक्षण विधेयकात शिक्षकांना आपापल्या विषयाचं प्रमाणपत्र सक्तीचं करणारी तरतूद आली. ती घरी शिकवणाऱ्या आईवडिलांनाही लागू होईल, अशी भीती पसरली. होमस्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन या संघटनेनं हाक दिली आणि अमेरिकी काँग्रेसच्या दूरध्वनी यंत्रणेवर लाखो फोन जाऊन आदळले. प्रतिनिधीगृहानं ती तरतूद ४२४ विरुद्ध १ मतांनी वगळली. वेग आणि संख्या हीच आपली ताकद, हा धडा पालकांनी त्यातून घेतला. मीही घेतला.

२०२५च्या सुरुवातीला इलिनॉयमध्ये होमस्कूलिंगवर बंधनं आणणारं ‘एचबी २८२७’ हे विधेयक आलं. आमच्या फोनवर ॲलर्टची रांग लागली. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ‘विटनेस स्लिप’ भरायची, त्यात नाव लिहायचं, ‘विरोध’ निवडायचा, की काम झालं. व्हिसावर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना मत देता येत नाही, त्यामुळे ही स्लिप म्हणजे सरकारशी बोलण्याची मोठीच संधी. १९ मार्चच्या समितीच्या सुनावणीसाठी विरोधाच्या हजारो स्लिपा जमा झाल्या, स्प्रिंगफील्डचं विधानभवन पालकांनी भरून गेलं. तरीही समितीनं विधेयक ८ विरुद्ध ४ मतांनी पुढे पाठवलं. वसंत अधिवेशनात पूर्ण सभागृहात मात्र ते मतदानाला आलं नाही.

त्या काळात मी आमच्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात फोन केला. माझा विरोध टिपून घेतल्यावर तिथल्या सहायकानं शांतपणे विचारलं, “तुमचा आक्षेप नेमका कोणत्या कलमाला आहे?” त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून मी मसुदा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला.

मूळ मसुद्यात वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी एकत्र होत्या. मूल घरी शिकतं आहे, असं दरवर्षी एका अर्जानं कळवायचं. शिकवणाऱ्याचं किमान हायस्कूलपर्यंतचं शिक्षण हवं. शिक्षण कार्यालयानं मागितल्यास मुलाच्या कामाचा पोर्टफोलिओ दाखवायचा. आणि अर्ज न भरल्यास मूल शाळाचुकार ठरून पालकांवर फौजदारी गुन्ह्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, त्यात ३० दिवसांपर्यंतच्या कैदेचीही शक्यता. ही शेवटची तरतूद मला आजही अन्यायाची वाटते. व्हिसावरच्या कुटुंबाला ग्रीन कार्डाच्या अर्जात अशा गुन्ह्याची माहिती द्यावी लागते. एका राहून गेलेल्या अर्जासाठी ही किंमत फार झाली.

पण वर्षातून एकदा कळवण्याला माझा विरोध का असावा, याचं पटणारं उत्तर मला सापडलं नाही. पेन्सिल्वेनियात पोर्टफोलिओ तपासून घ्यावा लागतो, न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. तिथेही मुलं घरी शिकतात आणि चांगली शिकतात.

विधेयकामागचं कारणही मी तेव्हाच समजून घेतलं. २०२४ मध्ये कॅपिटल न्यूज इलिनॉय आणि प्रोपब्लिका यांनी एका मुलाची हकिगत छापली. होमस्कूलिंगच्या नावाखाली शाळेतून काढलेलं ते मूल घरात मारहाण आणि उपासमार सोसत होतं. बालकल्याण खात्याकडे अधिकार आधीपासून आहेत, अर्ज भरून छळ थांबत नाही, हा आमच्या बाजूचा मुद्दा बिनबुडाचा नाही. पण ज्या मुलाची कुठेच नोंद नाही, त्याची चौकशी करायला जाणार कोण? माझ्या मुलांना घरी मोकळीक आहे, प्रेम आहे, पुस्तकं आहेत. ज्यांना यातलं काहीच नाही, त्या मुलांचा विचार माझ्या विरोधात कुठेच नव्हता. होमस्कूलिंगवर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्याच्या आडून कोणा मुलाचा छळ व्हावा, हे मला सहन होत नाही.

म्हणून मी प्रतिनिधींना पत्र लिहिलं. वार्षिक सूचनेला पाठिंबा दिला, फौजदारी तरतूद काढा असं ठामपणे मागितलं, पोर्टफोलिओ कोण, कधी आणि कशासाठी मागू शकतो हे स्पष्ट करा असं सुचवलं.

मैत्रिणी म्हणतात, आज अर्ज, उद्या परीक्षा, परवा बंदी. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, कायदे असे वाढत जातात. पण म्हणूनच प्रत्येक मसुदा वाचायला हवा. नुसत्या ‘विरोध’ या शब्दावरून आमदाराला आपली नाराजी कळते, काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. ॲलर्ट पाठवणाऱ्या संघटना पहारा देतात, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मत ठरवण्याचं काम मात्र मी त्यांच्यावर सोडणार नाही.

होमस्कूलिंग करणाऱ्या प्रत्येक आईबाबांना माझी विनंती आहे. पुढचा ॲलर्ट येईल तेव्हा त्यातला विधेयकाचा क्रमांक घ्या, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मूळ मसुदा काढा, कलमं वाचा आणि आपल्या शब्दांत चार ओळी लिहून पाठवा. विरोध करायचा तर जरूर करा, पण कोणत्या कलमाला आणि का, ते सांगून करा.