चोर कोण, हे विचारू नका

नववी-दहावीच्या मुलांना गुन्हे रोखण्यावर प्रकल्प करायला सांगितला की ‘वाढती गुन्हेगारी : कारणे व उपाय’ हे शीर्षक ठरलेलंच. मागोमाग इंटरनेटवरून उतरवलेले आकडे, घोषवाक्यं, प्रभातफेरी. मार्गदर्शकाने इथे प्रश्न लहान करायला लावायचा असतो. गुन्हा घडायला तो करू पाहणारा, सोयीचं सावज आणि राखणदाराचा अभाव हे तिन्ही एका जागी, एका वेळी जुळावे लागतात, असं लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९मध्ये मांडलं. यातला पहिला शाळकरी मुलांच्या हाताबाहेरचा. उरलेले दोन मात्र क्लासबाहेरच्या सायकलींच्या रांगेतही तपासता येतात. मागच्या चाकालाच कुलूप असलेली सायकल चालवत नेता येत नाही, पण उचलून टेम्पोत टाकता येते. साखळीने खांबाला बांधलेली तितक्या सहज जात नाही. म्हणून वहीत रकाने हवेत ते कुलूप कुठलं, कशाला अडकवलंय, वेळ काय, कुठल्या दुकानातून ही जागा दिसते, असे. ‘संशयित’ हा रकाना नको. तो आला की शेजारच्या वस्तीतल्या गरीब पोरांकडे बोटं वळतात.

एवढ्याशा मोजणीने काय सिद्ध होणार, त्यापेक्षा जनजागृती बरी, असं काही शिक्षक म्हणतात. पण नुसत्या सदिच्छेने काय होतं, ते अमेरिकेत दिसलं आहे. १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावण्याचा कार्यक्रम गाजला. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्करही मिळालं. पुढे अशा कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर उलटंच निघालं: तुरुंग दाखवलेली मुलंच नंतर जास्त गुन्ह्यांकडे वळली होती. तुलनेला तुरुंगात न नेलेली मुलं होती म्हणून हे कळलं. मोजणीवरचा आक्षेप अर्धा खरा आहे. चोऱ्या मुळात थोड्या, त्यामुळे महिनाभर एकही झाली नाही याचा अर्थ उपाय लागू पडला असा नव्हे. तेव्हा मोजायच्या त्या खांबाला बांधलेल्या सायकली: ‘सायकल खांबाला बांधा’ अशी सूचना लावण्याआधी आणि नंतर, त्याच वारी, त्याच वेळी, आणि सूचना न लावलेल्या दुसऱ्या रांगेतही. यात मुलं धोक्यात येतील ही पालकांची धास्ती मात्र पूर्ण रास्त आहे. पाळत ठेवणं, पीडितांच्या मुलाखती घेणं हे मुलांचं काम नाही. आणि प्रकल्पाच्या ओघात कुणी स्वतःवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोललंच, तर ती वहीत टिपायची नोंद नव्हे, पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवायचीच बाब आहे.

प्रदर्शनाच्या परीक्षकांना एक विनंती: ‘आमच्या सूचनेने फरक पडला नाही’ असं आकड्यांनिशी लिहिणाऱ्या गटाचे गुण कापू नका.