दोन कोटी पस्तीस लाखांचा डावा कोपरा

१ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डीचा कप पहिल्यांदा पुण्याला आला. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, १५ ऑगस्टला, मुंबईतल्या लिलावात आमचा डावा कोपरा विकला गेला. कुणाला? तर ज्यांना हरवून कप आणला त्याच हरियाणाला. २ कोटी ७ लाखांना.

डावा कोपरा म्हणजे इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. आमच्याकडे सगळे शादलूच म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पलटणनं त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं, तेव्हाचा परदेशी खेळाडूचा सगळ्यात मोठा आकडा. गंमत म्हणजे त्या लिलावाच्या दोनच दिवस आधी हांगझोऊला एशियन गेम्सची फायनल झाली होती. तीच, जी शेवटी लॉबीच्या नियमावरून तासभर बंद पडली होती. त्या दिवशी तो इराणकडून खेळत होता, आणि समोर भारताच्या संघात आपला अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे. दोन दिवसांनी तिघं एकाच टीमचे. मग त्या मोसमात शादलूनं पकडीचे ९९ गुण घेतले, २२ लीग सामन्यांत पलटण फक्त २ हरली, अस्लम कप्तान म्हणून सगळ्यात मौल्यवान खेळाडू ठरला, आणि फायनलला पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार जण उडवले. असा मोसम परत बघायला मिळेल असं मला वाटत नाही.

आणि मग रिलीज लिस्ट आली.

कबड्डी न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, कारण सगळं दुखणं त्या नियमांतच आहे. प्रत्येक टीमकडे ५ कोटींची पर्स असते. त्यात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे. मोसम संपला की कुणाला रिटेन करायचं ते ठरवायचं, उरलेले लिलावात. म्हणजे २ कोटी ३५ लाखांचा एक माणूस हा पर्सचा जवळजवळ ४७ टक्के. निम्म्यात एक आणि निम्म्यात सतरा. त्या सतरामध्ये अस्लम, मोहित गोयत, पंकज, आकाश, संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन. ही बहुतेक पोरं स्वस्तात आलेली, पलटणमध्येच मोठी झालेली. आता ती चॅम्पियन झाली म्हटल्यावर त्यांचेही भाव वाढणार. एकतर शादलू ठेवा, नाहीतर ही पोरं ठेवा. पलटणनं पोरं ठेवली. त्या लिलावात आठ खेळाडू एक कोटीच्या वर गेले, त्यातला एकही आमच्याकडे आला नाही.

मला हे पटलं. आमच्या दादाला पटलं नाही, आणि आजही नाही.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. कवठे येमाईत शेती, चार गाई, आणि एक कायमचा खराब झालेला उजवा गुडघा. तो गावच्या टीमचा उजवा कोपरा होता. पंचक्रोशीत त्याच्या अँकल होल्डला लोक टरकून असायचे, असं तो स्वतः सांगतो, पण इतरही सांगतात म्हणून लिहितोय. हैदराबादची फायनल त्यानं कांद्याच्या वावरात, रात्रीच्या लाइटला मोटर चालू करून, मोबाइलवर बघितली. बिबट्याच्या भीतीनं आमच्याकडे रात्री बॅटरी घेऊन दोघं दोघं जातात. त्या रात्री तो एकटाच गेला, कारण दुसऱ्याला कबड्डीत रस नव्हता आणि मध्येच बोलला असता.

शादलू गेल्याचं कळल्यावर त्याचा फोन आला. "अरे, जिंकलेली टीम कोण मोडतं का? हरले असते तर समजू शकतो."

मी पर्सचं गणित सांगितलं. तो ऐकून घेत होता असं मला वाटलं.

"ते तुझं एक्सेल झालं. मी टीमचं विचारतोय."

दादाच्या रागामागे एक जुनी गोष्ट आहे. त्यांची टीम एका वर्षी तालुक्याची स्पर्धा जिंकली होती. माती घरची, खेळणारे सात घरचे. पुढच्या वर्षी त्यातल्या दोघांना बाहेरच्या एका मंडळानं नेलं. एकाला रांजणगावच्या एमआयडीसीत चिकटवून दिलं, दुसऱ्याला मॅचमागे पैसे. नेणाऱ्यांचं काही चुकलं नाही, जाणाऱ्यांचंही नाही. नोकरी कोण सोडेल? पण राहिलेल्या पाच जणांना काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. दादा म्हणतो, आम्ही नंतर हरलो त्याचं काही नाही, पण त्या दोघांशिवाय पकड लावताना हात आपोआप शेजारी जायचा आणि शेजारी दुसराच माणूस असायचा. साखळी हाताची असते, नावाची नाही. कोपरा आणि कव्हर यांना एकमेकांचा श्वास कळायला लागतो, आणि त्याला एक वर्ष पुरत नाही. शादलूच्या शेजारी डाव्या कव्हरला संकेत सावंत एक अख्खा मोसम उभा राहिला होता. ते दोघं आत्ता कुठं जुळले होते, एवढंच त्याचं म्हणणं.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गणित होतं.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सहावं वर्ष. आमच्याकडेही रिलीज असते, शब्दसुद्धा तोच. गेल्या वर्षी आमच्या नऊ जणांच्या टीमनं एक प्रोजेक्ट वेळेच्या आधी संपवलं. क्लायंट खूश, केक कापला, फोटो निघाले. पुढच्या महिन्यात तिघांना प्रोजेक्टमधून रिलीज केलं, त्यात आमची सगळ्यात अनुभवी टेस्टर होती. महागडी होती आणि तिनं शिकवलेली दोन पोरं आता तिचं काम करू शकत होती. त्या दोन पोरांपैकी एक मी नाही, पण ठेवलेल्या सहांत मी आहे. मॅनेजरची शीट मी बघितली नाही, पण त्यात काय लिहिलं असेल ते मला ओळीनं सांगता येईल. म्हणून पलटणचा निर्णय मला इतका लगेच पटला का, असा प्रश्न दादानं विचारला नाही. मला पडला.

माझ्या शेजारी बसणारा सहकारी फुटबॉलवाला आहे, मुंबई सिटीचा. त्याचंही तेच वर्ष. ४ मे २०२४ ला त्यांनी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप घेतला, आणि उन्हाळा संपेपर्यंत अपुया मोहन बागानकडेच गेला, कप्तान राहुल भेके आणि पेरेरा दियाझ बेंगळुरूला. आम्ही दोघं कँटीनला दुःख वाटून घ्यायचो. पण त्याच्या रागाला पत्ता होता. फुटबॉलमध्ये खेळाडू सही करतो, म्हणून त्याला शिव्या देता येतात. शादलूनं काय निवडलं? त्याचं नाव पुकारलं गेलं, आकडे वर गेले, हातोडा पडला. आम्ही कुणावर रागवायचं? पाच कोटींच्या मर्यादेवर? तीच मर्यादा नसती तर पैसेवाल्या दोन टीम सगळे कप वाटून घेतील, आणि टाकळीभानच्या अस्लमसारख्या पोराला पहिल्या वर्षी कुणी मॅटवर उतरवणारच नाही.

पुढचा मोसम पलटणसाठी वाईट गेला. अस्लमचा गुडघा गेला आणि तो मध्येच बाहेर पडला. चॅम्पियन टीम पहिल्या सहांतही आली नाही. मोसमाचा शेवटचा टप्पा आणि फायनल मात्र पुण्यातच, बालेवाडीला होती. २९ डिसेंबर, हरियाणा विरुद्ध पाटणा. दादा म्हणाला, जाऊ. पहाटेचं दूध घालून, शिरूरवरून एसटीनं आला. अंगात पलटणचा केशरी टी-शर्ट.

आपल्या घरात दुसऱ्याचं लग्न बघावं तसं होतं ते. आजूबाजूला निम्मी माणसं आमच्यासारखीच, पलटणचे टी-शर्ट घालून कुणाच्या बाजूनं ओरडायचं ते ठरवत बसलेली. शादलू मॅटवर आला, मांडी थोपटली, तशीच जशी आमच्यासाठी थोपटायचा. दादा पहिली पाच मिनिटं गप्प होता. मग शादलूनं एक पकड केली आणि दादा उठून ओरडला. गुडघ्याचा विचार न करता उठला. मोसमात सगळ्यात जास्त गुण केलेल्या देवांकला हरियाणानं हलूच दिलं नाही. ३२-२३. चढाईत शिवम पटारेनं नऊ गुण घेतले, शादलूनं सात, आणि मोसमाचा सगळ्यात मौल्यवान खेळाडूही शादलूच. लागोपाठ दोन मोसम दोन टीमकडून कप.

"बघ," दादा म्हणाला. एवढंच. परतीला वाकडेवाडीच्या स्टँडपर्यंत तो त्यावर काही बोलला नाही, कांद्याच्या भावावर बोलला.

मी तेव्हाही माझं मत सोडलं नाही, आणि पुढं जे झालं त्यानं ते सिद्धही झालं नाही. हरियाणानं कप जिंकून शादलूला ठेवलं नाही, तो परत लिलावात आला. गुजरातनं २ कोटी २३ लाख मोजले आणि २०२५ च्या मोसमात गुजरात पहिल्या आठातही नव्हतं. आमचे कोच बी. सी. रमेश बेंगळुरूला गेले, अजय ठाकूर आला, अस्लम बरा होऊन परतला, आणि तीच ठेवलेली, वाढवलेली पोरं फायनलला पोचली. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. हैदराबादला २८ गुणांत कप मिळाला होता, दिल्लीत त्याच २८ गुणांत गेला. तेव्हाही तीनचा फरक, आताही तीनचा. डाव्या कोपऱ्यातून तीन गुण जास्त आले असते का? आले असते. पण मग त्या पैशांत आदित्य शिंदे आणि बाकीची पोरं टीममध्ये राहिली असती का, आणि पलटण फायनलला आली असती का? हे मी दादाला त्या रात्री फोनवर सांगितलं.

"आदित्यनं दहा काढले ना फायनलला?"

"हो."

"मग त्याला ठेवतील?"

"आता तर ठेवतीलच."

"किती वर्षं?"

मी रिटेन्शनच्या कॅटेगऱ्या सांगायला लागलो. पलीकडून मोटारीचा आवाज येत होता. लाइट जायची वेळ झाली, दारं मोडायचं राहिलंय, म्हणून त्यानं फोन ठेवला.